छातीतली गाठ आणि केसपेपरवरचा एक रकाना

जिंतूर रोडवरच्या एका गॅरेजात तीस-बत्तीस वर्षे हात काळे केलेले एक मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. माझी जुनी स्कूटर त्यांच्याच हातची. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या छातीत, बोंडाच्या अगदी मागे, हरभऱ्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. जॅकचा दांडा लागला असेल म्हणून त्यांनी बाम चोळला. गाठ बोराएवढी झाली, तेव्हा एका डॉक्टरांनी ‘चरबीची आहे, काही होत नाही’ असे सांगितले. पुढे बनियनवर रक्ताचा डाग दिसू लागला. तो त्यांच्या बायकोने पाहिला, धुताना. गाठ लागल्यापासून तपासणीपर्यंत आठ महिने गेले होते. बायोप्सी झाली, संभाजीनगरला शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या गाठींतही रोग उतरलेला निघाला.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘‘भाऊ, हे बायकांचं दुखणं मला कसं काय?’’ दुसरा जरा थांबून, ‘‘आमच्या धंद्यानं झालं असंल का हो?’’

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्यातली बरीच वर्षे जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. कामगारांच्या खोकल्यापासून माझे वाचन सुरू झाले आणि वैद्यकीय शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचायची सवय लागली. मिस्त्रींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणताही डॉक्टर देईल. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मला दोन वर्षे वाचावे लागले. त्या वाचनाचा हा हिशेब.

पुरुषाच्या छातीत असते काय?

मराठीत पुरुषाला छाती असते आणि बाईला स्तन. शब्दच वेगळे, त्यामुळे रोगाचे नाव पुरुषाच्या जिभेवर येत नाही. शरीर मात्र हा भेद एवढा मानत नाही. मुलगा असो वा मुलगी, वयात येण्यापूर्वी दोघांच्या बोंडामागे दुधाच्या नलिकांचे छोटेसे झाड असतेच. मुलीत इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे त्याला फांद्या फुटतात. मुलात टेस्टोस्टेरॉन वरचढ झाल्याने ते खुरटे राहते. पण खुरटे झाड म्हणजे नसलेले झाड नव्हे. त्या नलिकांच्या अस्तरात कर्करोग होऊ शकतो.

स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत पुरुष साधारण शंभरात एक असतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला स्त्रियांमध्ये या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण निघतात. शंभरात एक धरले तरी देशभरात पुरुषांचा आकडा दीड-दोन हजारांच्या घरात जातो. एवढ्या मोठ्या देशात हे थोडेच. पण ज्याच्या घरात तो निघतो, त्या घराला टक्केवारीचा काय उपयोग?

पुरुषांतल्या या रोगाची मुळे शोधण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने जगभरातल्या २१ अभ्यासांची माहिती एकत्र केली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. २,४०५ रुग्ण आणि ५२ हजारांवर निरोगी पुरुष त्यात होते. क्लाइनफेल्टर नावाच्या जन्मजात अवस्थेत पुरुषाच्या पेशीत एक जादा एक्स गुणसूत्र असते. अशा पुरुषांत धोका जवळपास २५ पट दिसला. पुरुषाचे स्तन वाढण्याच्या विकारात, म्हणजे गायनेकोमास्टियात, तो दहापटीच्या जवळ होता. लठ्ठपणाने तो थोडा वाढतो. याशिवाय बीआरसीए-२ या जनुकातला बिघाड आई किंवा बाप कोणाकडूनही येऊ शकतो. तो असलेल्या शंभर पुरुषांपैकी सहा-सात जणांना सत्तरीपर्यंत हा रोग होतो.

या यादीला एक समान सूत्र आहे. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन यांचा तराजू इस्ट्रोजेनच्या बाजूला झुकला की खुरटे झाड जागे होते. चरबीत अरोमॅटेज नावाचे विकर असते, ते टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करते, म्हणून लठ्ठपणा. जादा इस्ट्रोजेनची विल्हेवाट यकृत लावते. म्हणून दारूने यकृत निकामी झालेल्यांतही धोका वाढलेला आढळतो. पुरुषांच्या या गाठींपैकी दहातल्या नऊ इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या असतात, आणि म्हणूनच टॅमोक्सिफेनची गोळी पुरुषांनाही चालते.

धंद्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. कामाच्या जागी असे काय असते, जे हा तराजू झुकवील किंवा थेट पेशीच्या गुणसूत्रांना धक्का लावील?

धंद्याने होणारा कर्करोग ही जुनी गोष्ट

इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला ‘तुझा धंदा काय’ हे विचारलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो हे त्यांनीच नोंदवले. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराड्यांत उतरून काजळी खरवडणाऱ्या मुलांना मोठेपणी वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो हे दाखवले. धंदा आणि कर्करोग यांची जोडी पहिल्यांदा जुळली ती अशी. पुढे दीडशे वर्षांनी, १९३० च्या दशकात, डांबरातून बेंझोपायरीन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि काजळीतला गुन्हेगार सापडला. हे द्रव्य ज्या कुळातले, त्या कुळातली मंडळी गाडीच्या धुरातही असतात. मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत ही वाट येते.

भट्टीजवळचे काम

पुरुषांच्या स्तनकर्करोगात कामाचा संशय आधी उष्णतेवर आला. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांतील ५२ रुग्णांच्या अभ्यासात झोतभट्ट्या, पोलाद कारखाने आणि रोलिंग मिल यांत काम केलेल्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील ७१ रुग्णांच्या अभ्यासातही उष्णतेच्या कामाशी अडीचपट धोका जोडला गेला.

उष्णतेचा आणि छातीचा संबंध काय? तो वृषणातून जातो. वृषण शरीराबाहेर लोंबते ठेवण्यामागे निसर्गाचा हेतू त्यांना अंगाच्या तापमानापेक्षा दोन-चार अंश थंड ठेवण्याचा आहे. वर्षानुवर्षे भट्टीसमोर उभे राहिल्याने त्यांचे काम मंदावले तर टेस्टोस्टेरॉन घटते आणि तराजू झुकतो. तर्क सरळ आहे. पण दोन्ही अभ्यास लहान, म्हणून हे मत अजून पक्के मानले जात नाही.

आपल्याकडे भट्टी लांब नाही. शेजारचे जालना पोलादाचे शहर आहे. तिथल्या रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई चिमट्याने पुढे ढकलणारे कामगार मी पाहिले आहेत. साखर कारखान्याच्या बॉयलरचा फायरमन, गुऱ्हाळाचा चुलवाण पेटता ठेवणारा जाळव्या, वीटभट्टीवरचा भरेकरी, बेकरीतला भट्टीवाला, हे सगळे याच ओळीत बसतात. त्यातही आपला उन्हाळा ४४ अंशांवर जातो. भट्टीचा कामगार इथे घरी जाऊनही थंड होत नाही.

पेट्रोल, धूर आणि गॅरेज

या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला अभ्यास डेन्मार्कचा आहे. योहानी हान्सेन यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग झालेले २३० पुरुष घेतले आणि त्यांची तुलना हजारो निरोगी पुरुषांशी केली. पेट्रोल आणि गाडीचा धूर यांच्याशी संबंध येणाऱ्या धंद्यांत काम केलेल्यांना धोका २.२ पट होता. रोग उगवायला वेळ लागतो, म्हणून निदानाआधीची दहा वर्षे सोडून हिशेब केला तेव्हा तो २.५ पट झाला. जे चाळिशीच्या आत या धंद्यात शिरले त्यांच्यात तर पाचपटीच्या वर गेला.

दहा वर्षांनी दुसरा पुरावा आला. युरोपातल्या आठ देशांतील १०४ रुग्ण आणि १,९०१ निरोगी पुरुष यांच्या अभ्यासात (२०१०) मोटार मेकॅनिकांचा धोका २.१ पट निघाला, आणि जितकी वर्षे जास्त तितका तो वाढत गेला. रंगारी आणि कागद कारखान्यातले कामगार यांच्यातही वाढ दिसली. त्याच अभ्यासात अल्किलफिनॉल या द्रव्यगटाकडे बोट दाखवले गेले. ही द्रव्ये काही रंगांत, धुण्याच्या रसायनांत, वंगणांत असतात आणि शरीरात इस्ट्रोजेनची नक्कल करतात. म्हणजे पुन्हा तोच तराजू. यांचा संपर्क जास्त असलेल्यांत धोका ३.८ पट होता.

पेट्रोलमध्ये बेंझिन असते. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांना ते दिले तेव्हा माद्यांच्या स्तनग्रंथींतही गाठी झाल्या. फ्रान्समधील ल्योनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये आणि वाहनांच्या पेट्रोलला २०२५ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. अर्थात तो निर्णय फुफ्फुस, मूत्राशय आणि रक्ताच्या कर्करोगावरून झाला आहे, स्तनाच्या नव्हे. हा फरक लक्षात ठेवायला हवा.

आता आपल्या गॅरेजकडे पाहू. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझिनची मर्यादा एक टक्का आहे. मिस्त्री धंद्यात आले तेव्हा ती याहून बरीच जास्त होती आणि पेट्रोलमध्ये शिसेही होते. कार्ब्युरेटर पेट्रोलने धुणे, ब्रशने पार्ट घासणे, काम संपल्यावर ग्रीसचे हात पेट्रोलनेच साफ करणे, टाकीतून नळीने तोंडाने पेट्रोल ओढणे, बंद शटरमागे इंजिन चालू ठेवून आवाज ऐकणे, हे सारे त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या वयापासून केले. डेन्मार्कचा मेकॅनिक हातमोजे आणि एक्झॉस्ट पंखा असलेल्या वर्कशॉपात काम करतो. तिथे दुप्पट धोका दिसला असेल, तर इथे किती असेल?

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर अंदाजाने द्यायचे नाही, एवढे हिशेबाच्या वहीने मला शिकवले आहे.

लष्करी तळाचे पाणी

मिस्त्रींसारखाच प्रश्न अमेरिकेत माइक पार्टेन यांना पडला. २००७ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांना स्तनाचा कर्करोग निघाला. त्यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प लेजून या मरीन सैनिकांच्या तळावरचा. १९५३ पासून १९८० च्या दशकापर्यंत या तळाच्या नळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन, परक्लोरोइथिलीन, बेंझिन अशी द्रव्ये मिसळलेली होती. ती यंत्रांचे भाग धुण्याच्या, कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या आणि इंधनटाक्यांच्या गळतीतून आली होती. पार्टेन यांनी शोध घेत घेत त्या तळाशी संबंधित, हाच रोग झालेले डझनावारी पुरुष गाठले.

सरकारी संस्थेने मग रीतसर अभ्यास केला. २०१५ च्या त्या अहवालात ७१ रुग्ण आणि ३७३ इतर सैनिक होते. तळावर राहिलेल्यांचा धोका १.१४ पट, म्हणजे किंचित जास्त. एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक योगायोगानेही पडू शकतो. पुरावा ‘आहे’ असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते आणि ‘नाही’ असेही नाही.

तरीही तिथल्या संसदेने आधीच, २०१२ मध्ये, कायदा करून त्या तळावर राहिलेल्या सैनिकांना आणि कुटुंबांना पंधरा आजारांसाठी आरोग्यसेवा दिली, आणि त्या यादीत स्तनाचा कर्करोग होता. २०२२ मध्ये नुकसानभरपाईसाठी दावा करण्याची वाटही खुली झाली. शास्त्राला शंभर टक्के खात्री लागते. रुग्णाला मदत करायला तेवढी लागू नये, असा त्याचा अर्थ.

आपल्या कामांना लावलेली चाळणी

परदेशी अभ्यास वाचून प्रत्येक धंद्यावर संशय घेणेही बरोबर नाही. म्हणून जिल्ह्यातली कामे एकेक करून चाळली.

परभणी, मानवत, सेलूच्या जिनिंगमधली कापसाची धूळ मी वर्षानुवर्षे नाकात घेतली. तिने बिसिनोसिस हा छातीत दम भरण्याचा रोग होतो. स्तनाच्या कर्करोगाशी तिचे नाते दिसलेले नाही. इथे ‘छाती’ म्हणजे फुफ्फुस, हे ध्यानात घ्यावे.

लाइनमन आणि वीज कर्मचारी यांच्याबद्दल १९९० मध्ये नॉर्वेतून बातमी आली होती. विद्युत कामगारांत हा रोग दुप्पट दिसला. पण सारा हिशेब १२ रुग्णांवर उभा होता. नंतरच्या अभ्यासांनी त्याला एकमुखाने दुजोरा दिलेला नाही. लाइनमनचा खरा शत्रू आजही विजेचा धक्काच आहे.

रात्रपाळीला ल्योनच्या संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. त्यामागचा स्तनकर्करोगाचा पुरावा मुख्यतः परिचारिकांसारख्या नोकरदार स्त्रियांचा आहे.

राहिली फवारणी. आपल्या जिल्ह्यात सर्वाधिक माणसे याच कामात आहेत. डीडीटीपासून शरीरात तयार होणारे डीडीई हे द्रव्य पुरुषी संप्रेरकाचे काम अडवते, हे १९९५ पासून माहीत आहे. डीडीटीला २०१५ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले. लिंडेन त्याच वर्षी पहिल्या गटात गेले. एंडोसल्फान आपल्या कपाशीवर वर्षानुवर्षे पडले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते थांबवले. पुरुषांच्या स्तनकर्करोगाशी थेट जोडणारा पुरावा मात्र इथे तुटपुंजा आहे. आणि तो तुटपुंजा का, याचेही कारण पाहायला हवे. असे अभ्यास झाले ते युरोप-अमेरिकेत, जिथे फवारणी ट्रॅक्टरच्या बंद केबिनमधून होते. पाठीवर पंप, उघडे पाय, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत शिरून वाऱ्याच्या तोंडी फवारणारा माणूस त्या अभ्यासांत नाहीच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले तेव्हा सगळ्यांचे लक्ष गेले, कारण ती माणसे काही दिवसांत मेली. वीस वर्षांनी उगवणाऱ्या गाठीकडे कोण पाहणार?

‘दुप्पट’ म्हणजे किती?

इथे थोडे गणित करू, कारण ‘दुप्पट धोका’ ऐकून उगाच झोप उडू नये.

अमेरिकेतल्या हिशेबाने सुमारे आठशे पुरुषांत एकाला आयुष्यात केव्हातरी हा रोग होतो. म्हणजे हजार पुरुषांत एकाहून थोडा जास्त. मेकॅनिकांत तो दुप्पट धरला तर हजारात अडीच. उरलेल्या साडेनऊशेहून कितीतरी अधिक मेकॅनिकांना तो होणारच नाही. त्यामुळे गॅरेजमधल्या पोराने धंदा सोडून पळावे असे यात काही नाही.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. धोका २.२ पट असेल, तर धंद्यातल्या अशा २२ रुग्णांपैकी १० जणांना तो एरवीही झालाच असता आणि १२ धंद्यामुळे वाढले. म्हणजे निम्म्याहून जास्त. पण त्या बाविसांतले हे बारा कोणते, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. गाठीवर धंद्याचा शिक्का नसतो. म्हणून मिस्त्रींच्या दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे: तुमच्या एकट्याबद्दल सांगता येत नाही, तुमच्यासारख्या अनेकांबद्दल सांगता येते, पण ते अनेक मोजले गेले पाहिजेत.

आणि ते मोजलेले नाहीत.

एक रकाना

परभणी जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार, त्यात पुरुष सुमारे साडेनऊ लाख. या रोगाचे प्रमाण लाख पुरुषांमागे वर्षाला एकाहूनही कमी असते. म्हणजे जिल्ह्यात वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण. त्यातले काही संभाजीनगरला, काही नांदेडला, काही बार्शीला, काही मुंबईच्या टाटाला जातात. एका जिल्ह्याच्या भरवशावर काही सिद्ध होणार नाही. सगळ्यांच्या नोंदी एका जागी आल्या, आणि त्या नोंदींत धंदा नीट लिहिलेला असला, तरच काही बोलता येईल.

डेन्मार्कला हे जमले, कारण तिथे कर्करोगाची देशभराची नोंद १९४३ पासून आहे. १९६४ पासून प्रत्येक पगारी माणूस कुठल्या मालकाकडे किती काळ होता हे पेन्शन निधीच्या दप्तरात आहे, आणि दोन्ही दप्तरे नागरिक क्रमांकाने जोडता येतात. हान्सेन यांना एकाही रुग्णाच्या घरी जावे लागले नाही.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकातली, देशातली पहिली. बार्शीला १९८७ मध्ये सुरू झालेली नोंदणी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगावी कार्यकर्ते फिरून रुग्ण शोधू लागले. त्याच आधारावर जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १ लाख ३१ हजार स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा अभ्यास २००९ मध्ये जगाने वाचला. मराठवाड्याच्या मातीतून जगाला उपयोगी पडणारा पुरावा निघू शकतो, हे तिथे दिसले.

मग अडते कुठे? मिस्त्रींची सगळी कागदपत्रे मी पाहिली. वय आहे, वजन आहे, गाठीचा आकार मिलिमीटरमध्ये आहे. ‘व्यवसाय’ या रकान्यात एकच शब्द: ‘खाजगी’. पुढच्या एका कागदावर ‘मजूर’. तिसऱ्यावर रकाना कोरा. बत्तीस वर्षांचे पेट्रोल, ग्रीस आणि धूर त्या एका शब्दात बुडाले. लिहिणाऱ्याचा दोष म्हणवत नाही. पुढे साठ जणांची रांग असते. पण रामाझ्झिनींनी तीनशे वर्षांपूर्वी विचारायला सांगितलेला प्रश्न अजून आपल्या केसपेपरवर उत्तराविना आहे.

कायद्याचेही असेच आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘व्यवसायजन्य कर्करोग’ हा कळवण्यायोग्य रोग होता. त्या कायद्यात डॉक्टरने तो कळवण्याची तरतूद होती. पण विजेवर चालणाऱ्या जागी वीस कामगार असतील तरच तो कारखाना. दोन पोरे आणि एक मिस्त्री यांचे गॅरेज त्यात येत नाही. फवारणीचा रोजंदार तर नाहीच नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या रोगांच्या यादीत मूत्राशयाचा, कातडीचा, फुफ्फुसाचा कर्करोग ठरावीक कामांसाठी होता, स्तनाचा नव्हता. आणि भरपाई मागायची तर मालक लागतो. मिस्त्री स्वतःच मालक, स्वतःच मजूर.

घरोघरीच्या तपासणीतही पुरुष निसटतो. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात. त्यात ‘स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येते का’ हे प्रश्न आहेत. पण ते ‘फक्त स्त्रियांसाठी’ या मथळ्याखाली. पुरुषासमोर ताई ते पान उलटतात. संकोचही वाचतो आणि गाठही राहते.

तोवर आपण काय करायचे?

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते, म्हणून एकच सांगतो. २०२१ पासून ई-श्रम कार्डावर असंघटित कामगाराचा धंदा सांकेतिक क्रमांकासह नोंदवला जातो. तो क्रमांक कर्करोग रुग्णालयाच्या केसपेपरवर उतरवला, तर डेन्मार्कच्या दप्तराची अर्धी वाट आपण चाललो. नवे यंत्र नको, नवी इमारत नको. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी सुरुवात केली तरी पुष्कळ.

रुग्णाने आणि घरच्यांनी करण्यासारखेही आहे. दवाखान्यात जाताना वहीच्या पानावर कामाचा इतिहास लिहून न्यावा. कोणत्या वयापासून कोणते काम, किती वर्षे, कशाशी संबंध, हात कशाने धुवायचो, कोणते औषध फवारायचो. तो कागद फाईलला लावून घेण्याची विनंती करावी. पन्नास वर्षांच्या वरचा पुरुष आंघोळीच्या वेळी बोंडामागे बोट फिरवून पाहू शकतो. दुखरी, रबरासारखी, दोन्ही बाजूंची वाढ बहुधा साधी असते. एका बाजूची, टणक, न दुखणारी गाठ, आत ओढलेले बोंड, त्यातून रक्त, बरी न होणारी जखम किंवा काखेतली गाठ असेल, तर बाम न चोळता सोनोग्राफी आणि बायोप्सीबद्दल विचारावे. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. आणि पुरुषाला हा रोग निघाला की त्याच्या बहिणी-मुलींनीही डॉक्टरांशी जनुकीय तपासणीबद्दल बोलावे. बिघाड घरातला असेल तर त्यांचा धोका त्याच्यापेक्षा मोठा असतो.

गॅरेजवाल्यांनी पेट्रोलने हात धुणे आणि तोंडाने नळी ओढणे आजच बंद करावे. रॉकेलही त्याला पर्याय नव्हे, साबण आणि लाकडाचा भुसा चालतो. पार्ट धुताना पेट्रोलला टिकणारे नायट्राइलचे मोजे, आणि इंजिन चालू करायचे तर शटर उघडे. यातले एकही काम स्तनाच्या कर्करोगाचा पुरावा पक्का होईपर्यंत थांबवायचे कारण नाही, कारण त्याच पेट्रोलने रक्ताचा कर्करोग होतो हे तर पक्के आहे.

मिस्त्री आता बरे आहेत. रोज एक गोळी घेतात आणि दुपारपर्यंत गॅरेजात बसतात. मागच्या महिन्यात मी हा सगळा हिशेब त्यांना ऐकवला. ते म्हणाले, ‘‘म्हंजे माझं काही कळायचं नाही.’’ मी मान हलवली. मग त्यांनी कार्ब्युरेटर धुणाऱ्या पोराला हाक मारली, त्याच्यापुढची पेट्रोलची वाटी उचलली आणि मला म्हणाले, ‘‘पण याचं लिहून ठेवा.’’

त्या पोराचे वय एकोणीस. काम सुरू केले ते सोळाव्या वर्षी. मी लिहून ठेवले आहे.